राउटर ५, ६ आणि ७ एकाच प्लगिनमध्ये कसे सांभाळायचे?

प्रश्न थोडक्यात असा: रिॲक्टसाठी लिहिलेला एक छोटा प्लगिन आहे. तो दोन कामं करतो. पानाच्या वर ब्रेडक्रम्ब, म्हणजे 'होम / युजर्स / ४२' असा वाटेचा माग, दाखवतो, आणि फॉर्ममधले बदल सेव्ह न करता कुणी दुसऱ्या पानाकडे निघालं तर त्याला अडवतो. लिहिला तेव्हा रिॲक्ट राउटर, म्हणजे पत्त्यावरून कुठलं पान दाखवायचं ते ठरवणारी लायब्ररी, हिची आवृत्ती ५ चालू होती. आता वापरणारे काही जण ५ वरच आहेत, बरेच ६ वर गेलेत, आणि ७ वाले इश्यू उघडतायत. पीअर डिपेंडन्सीत (ॲपकडेच असायला हव्यात अशा पॅकेजांच्या यादीत) तिन्ही आवृत्त्या लिहून आत थोडं इफ-एल्स टाकलं की भागेल का, की प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं पॅकेज काढायचं?

माझं मत: दोन्ही नको. पॅकेज एकच ठेवा, पण त्याच्या गाभ्यात राउटरचा एकही इम्पोर्ट राहू देऊ नका. प्लगिनला राउटरकडून नेमकं काय लागतं याची यादी काढा, ती जमेल तितकी आखूड करा, आणि तेवढंच पुरवणारा एक पातळ ॲडॉप्टर प्रत्येक आवृत्तीसाठी लिहा. राउटरची फंक्शन्स ॲपनेच त्या ॲडॉप्टरच्या हातात द्यायची. प्लगिनने ती स्वतः शोधत फिरायचं नाही. हे ऐकायला जास्तीचं काम वाटतं, म्हणून आधी इफ-एल्सचा रस्ता कुठे अडतो ते सांगतो.

सगळ्यात आधी पीअर डिपेंडन्सी. '^५.१.० || ^६.४.० || ^७.०.०' असं लिहिणं हे एक वचन आहे. एनपीएम या पॅकेज मॅनेजरच्या ६ व्या आवृत्तीपर्यंत ते मोडलं तरी इन्स्टॉल करताना फक्त एक पिवळा इशारा यायचा आणि कुणी वाचायचं नाही. एनपीएम ७ पासून पीअर डिपेंडन्सी आपोआप इन्स्टॉल होतात आणि रेंज जुळली नाही तर इन्स्टॉलच थांबतं. म्हणजे रेंज फार अरुंद ठेवलीत तर लोक जुन्या पद्धतीचा फ्लॅग लावून पुढे जातात आणि मग इतर पॅकेजांचे खरे इशारेही त्यांना दिसत नाहीत. रेंज फार सैल ठेवलीत, म्हणजे '>=५', तर उद्या येणाऱ्या आणि तुम्ही कधी पाहिलेल्याही नसलेल्या आवृत्तीला आजच होकार देऊन बसता. वरची बाजू कधीही उघडी ठेवू नका. नवी मोठी आवृत्ती रेंजमध्ये घालणं हे तुमच्यासाठी किरकोळ रिलीज आहे, जुनी काढणं हे मोठं रिलीज आहे. हा नियम पाळला तर वापरणाऱ्यांना धक्के बसत नाहीत.

रेंज लिहिताना खुद्द राउटरवाल्यांची काय फजिती झाली होती ते माहीत असलेलं बरं. २०१९ च्या मार्चमध्ये आलेली आवृत्ती ५ ही मुळात ४.४ म्हणून येणार होती. एपीआयमध्ये मोडतोड काहीच नव्हती. पण आतून कॉन्टेक्स्ट (वरच्या कॉम्पोनंटकडून खाली माहिती पोचवण्याची रिॲक्टची सोय) जुन्या पद्धतीचा काढून नव्या पद्धतीचा केला होता, आणि आधीच्या डॉम-पॅकेजने ('रिॲक्ट-राउटर-डॉम') मूळ राउटर पॅकेज कॅरेट लावून ('^', म्हणजे त्याच मोठ्या आवृत्तीतलं पुढचं कुठलंही चालेल) मागितलं होतं. परिणाम असा की जुनं ४.३ चं डॉम-पॅकेज आणि नवं ४.४ चं मूळ पॅकेज एकत्र इन्स्टॉल होऊ शकत होते, आणि त्या दोघांचे कॉन्टेक्स्ट एकमेकांना ओळखत नव्हते. म्हणून आकडा थेट ५ करावा लागला. एका कॅरेटने एक मोठी आवृत्ती काढायला लावली.

कॉन्टेक्स्टचा हा मुद्दा तुमच्यासाठी जिवाचा आहे. राउटर आपली सगळी माहिती रिॲक्ट कॉन्टेक्स्टमधून खाली पाठवतो, आणि कॉन्टेक्स्टची ओळख त्या ऑब्जेक्टवरून ठरते, नावावरून नाही. नोड-मोड्यूल्समध्ये, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांच्या फोल्डरमध्ये, राउटरच्या दोन प्रती आल्या की ॲपने एका प्रतीचा प्रोव्हायडर लावलेला असतो आणि तुमचा प्लगिन दुसऱ्या प्रतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये बघत बसतो. मग 'यूजनॅव्हिगेट हे राउटरच्या आतच वापरता येतं' असा एरर येतो, आणि वापरणारा शपथेवर सांगतो की मी राउटरच्या आतच आहे. तो खरंच असतो. राउटर जर तुमच्या साध्या डिपेंडन्सीत असेल किंवा बंडलमध्ये शिरला असेल तर हे होणारच, म्हणून रोलअप किंवा जो बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं साधन) वापरत असाल त्यात तो एक्स्टर्नल, म्हणजे बंडलबाहेर, ठेवा. गंमत म्हणजे आवृत्ती एकच असूनही दोन प्रती होऊ शकतात: एक ईएसएम (नव्या इम्पोर्ट पद्धतीच्या) वाटेने लोड झालेली, दुसरी कॉमन-जेएस (जुन्या रिक्वायर पद्धतीच्या) वाटेने. टेस्टमध्ये हे फार दिसतं. ॲप एका वाटेने इम्पोर्ट करतं, तुमचा बिल्ड दुसऱ्या वाटेने रिक्वायर करतो, लॉकफाइलमध्ये मात्र एकच नोंद.

त्यात पॅकेजच्या नावांचा घोळ. ५ आणि ६ मध्ये लोक 'रिॲक्ट-राउटर-डॉम' इन्स्टॉल करतात. मूळ 'रिॲक्ट-राउटर' त्याच्या पोटातून येतं. ७ मध्ये सगळं मूळ पॅकेजमध्ये गेलं, डॉम-पॅकेज फक्त तेच पुन्हा एक्स्पोर्ट करतं. तुम्हाला वाटेल, हुक्स तर तिन्ही आवृत्त्यांत मूळ पॅकेजमध्ये आहेत, मग मी तिथूनच घेतो. साध्या सपाट नोड-मोड्यूल्समध्ये चालेलही. पण पीएनपीएमसारखा कडक मॅनेजर असला की ॲपने थेट न मागितलेलं मूळ पॅकेज तुमच्या प्लगिनला दिसत नाही, किंवा पीअर म्हणून वेगळं आपोआप येतं आणि ते भलत्याच आवृत्तीचं असू शकतं. पुन्हा दोन प्रती.

आता इफ-एल्सकडे. ५ मध्ये यूजहिस्टरी आहे, ६ मध्ये ते नाही, यूजनॅव्हिगेट आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही नावं इम्पोर्ट केलीत तर नसलेलं नाव बंडलरला खटकतं: रोलअप एरर देतं, वेबपॅक कुरकुरतं, आणि नोडच्या अस्सल ईएसएममध्ये तर मोड्यूल जोडतानाच सिंटॅक्स एरर येऊन सगळं बंद. पुढची पायरी म्हणजे सगळं पॅकेज एका नावाखाली स्टार-इम्पोर्ट करून त्यातून प्रॉपर्टी वाचणं. बंडलर तेही ओळखतो, म्हणून काही लायब्रऱ्या प्रॉपर्टीच्या नावाला मुद्दाम टू-स्ट्रिंग लावतात, जेणेकरून ते नाव आधीच वाचता येऊ नये. एमयूआय या कॉम्पोनंट-लायब्ररीने रिॲक्टच्या यूजआयडीसाठी हेच केलं होतं. एका हुकसाठी, नाइलाज म्हणून, ठीक. पण राउटरच्या सात-आठ नावांसाठी हे करायला लागलात की ट्री-शेकिंग (न वापरलेला कोड वगळणं) गेलं, टाइप्स गेले, आणि पुढच्या बंडलरच्या अपडेटला हा डाव चालेल की नाही हे तुम्ही सांगू शकत नाही. हुक्सच्या नियमांचा प्रश्न तिथे येत नाही, हे मात्र खरं. मोड्यूल लोड होताना एकदा ठरलेली निवड प्रत्येक रेंडरला तीच राहते, त्यामुळे हुक 'अटीवर' मागवला तरी क्रम बदलत नाही.

पण नाव सापडणं हा सोपा भाग आहे. खरी कटकट आहे ती नाव तेच, वागणं वेगळं, अशा ठिकाणी. फंक्शन आहे का एवढंच तपासलं तर ही ठिकाणं हाताला लागत नाहीत.

मॅचपाथ, म्हणजे पत्ता पॅटर्नशी जुळवणारं फंक्शन, घ्या, तुमच्या ब्रेडक्रम्बमध्ये नक्की असणार. ५ मध्ये पहिलं आर्ग्युमेंट प्रत्यक्ष पत्ता आणि दुसरं पॅटर्न. ६ मध्ये पहिलं पॅटर्न आणि दुसरं पत्ता. अगदी उलट. ५ मध्ये दुसऱ्या जागी ऑब्जेक्ट दिलेलं असेल तर ६ वर निदान एरर येऊन पडतं, कळतं तरी. पण ५ मध्ये तिथे साधी स्ट्रिंगही चालायची. तसा कोड ६ वर नेला की '/युजर्स/४२' हा पॅटर्न समजला जातो, '/युजर्स/:आयडी' हा पत्ता, दोन्ही जुळत नाहीत, उत्तर नल येतं, आणि ब्रेडक्रम्बमधला एक तुकडा निमूटपणे गायब होतो. एरर नाही, इशारा नाही. '/अबाउट' सारखा पॅरामीटर नसलेला रस्ता मात्र दोन्ही क्रमांनी जुळतो. त्यामुळे टेस्टमध्ये तेवढेच रस्ते असतील तर सगळं हिरवं दिसतं. त्यावर आणखी: ५ मध्ये न सांगता केलेलं मॅच हे 'इथून सुरू होतो का' असं असतं, ६ मध्ये न सांगता केलेलं मॅच हे 'शेवटपर्यंत जुळतो का' असं. ब्रेडक्रम्बला तर वडील-रस्ते ('/युजर्स/४२' साठी '/युजर्स') लागतात, म्हणजे पहिला प्रकार. आणि परत येणाऱ्या ऑब्जेक्टमधली नावंही बदललीत.

दुसरं ठिकाण म्हणजे जाणं. हिस्टरी-पुशचं दुसरं आर्ग्युमेंट स्टेट असतं, नॅव्हिगेटचं दुसरं आर्ग्युमेंट ऑप्शन्स, आणि स्टेट त्या ऑप्शन्सच्या आत. जुन्या सवयीने स्टेट सरळ दिलंत तर ६ त्याला ऑप्शन्स समजतो, त्यात ओळखीचं काही सापडत नाही, आणि स्टेट रिकामं जातं. जाणं मात्र होतं. लॉगिननंतर मूळ पानावर परत न जाता होमवर पडणारे ॲप्स मी पाहिलेत ते बहुतेक यामुळेच. शिवाय सापेक्ष पत्ते: ५ मध्ये 'एडिट' असं पुश केलं तर ते चालू यूआरएलच्या हिशोबाने सुटायचं. ६ मध्ये ते रूटच्या झाडात आपण कुठे उभे आहोत त्यावरून सुटतं. दोन टिंबांचा अर्थ यूआरएलचा एक तुकडा मागे असा नसून एक रूट वर असा होतो. ६.४ पासून यूआरएलच्या हिशोबाने सोडवायचा पर्याय आहे, पण तो मागावा लागतो. तुमचा प्लगिन ॲपच्या झाडात कुठे बसवला जाईल हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून मी सरळ नियम करतो: प्लगिनच्या आतून फक्त स्लॅशने सुरू होणारे पूर्ण पत्ते. सापेक्ष पत्ता आला तर डेव्हलपमेंटमध्ये तिथेच एरर फेका.

तिसरं ठिकाण सहसा इश्यूमध्ये 'अनंत लूप' या नावाने येतं. ५ मधलं हिस्टरी ऑब्जेक्ट ॲपच्या आयुष्यभर तेच राहतं. ६ मध्ये साधा ब्राउझरराउटर वापरला तर यूजनॅव्हिगेटने दिलेलं फंक्शन पत्ता बदलला की नवं होतं. ते इफेक्टच्या डिपेंडन्सीत असेल तर प्रत्येक नेव्हिगेशनला इफेक्ट पुन्हा धावतो, आणि त्या इफेक्टमध्येच नेव्हिगेट केलेलं असेल तर बघायलाच नको. डेटा-राउटरमध्ये, म्हणजे क्रिएट-ब्राउझर-राउटरने बनवलेल्या, ते ६.११ पासून स्थिर आहे. म्हणजे एकाच आवृत्तीत दोन वागणुकी. यावर उपाय ॲडॉप्टरमध्येच करायचा: ताजं नॅव्हिगेट एका रेफमध्ये ठेवा, ते लेआउट-इफेक्टमध्ये अपडेट करा, आणि प्लगिनच्या गाभ्याला कायम एकच बाहेरचं फंक्शन द्या. आणि हो, पहिल्या रेंडरच्या मधेच नॅव्हिगेट बोलावलंत तर साध्या ब्राउझरराउटरखाली ६ ते दुर्लक्षित करून फक्त इशारा देतो. ५ मध्ये रेंडरमध्ये पुश केलेलं खपून जायचं.

चौथं, हिस्टरी नावाची वेगळी लायब्ररी. राउटर ४ आणि ५ सोबत तिची ४ वी आवृत्ती असायची, राउटर ६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ५ वी. लिसनच्या कॉलबॅकला पूर्वी लोकेशन आणि ॲक्शन अशी दोन आर्ग्युमेंट्स मिळायची, नंतर दोन्ही एका ऑब्जेक्टमध्ये मिळू लागली. ६.४ पासून राउटरने ती लायब्ररी सोडून तो कोड आपल्याच आत घेतला. त्यामुळे हिस्टरीवर थेट अवलंबून असलेला कोड असेल तर तो आजच काढा.

आणि आता तुमच्या दुसऱ्या कामाकडे, अडवण्याकडे. इथे कुठलाही ॲडॉप्टर सगळं सारखं करून देऊ शकत नाही. ५ मध्ये प्रॉम्प्ट कॉम्पोनंट होता आणि हिस्टरी-ब्लॉक होतं. ६ ची पक्की आवृत्ती २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा दोन्ही नव्हतं. लोकांनी आतल्या 'अनसेफ' नावाच्या कॉन्टेक्स्टमधून नेव्हिगेटर काढून त्यावरचं ब्लॉक वापरायला सुरुवात केली. त्या जुगाडाचे गिस्ट अजून फिरतायत. ६.४ मध्ये तेही गेलं आणि एका किरकोळ आवृत्तीवर असंख्य ॲप्स मोडले. तक्रार करायला जागा नव्हती, कारण नावातच अनसेफ लिहिलेलं होतं. पुढे यूजब्लॉकर आलं, आधी अनस्टेबल म्हणून आणि ६.१९ पासून पक्कं. पण ते फक्त डेटा-राउटरमध्ये चालतं आणि एका वेळी एकच ब्लॉकर धरतं.

म्हणजे ६ किंवा ७ असूनही साधा ब्राउझरराउटर वापरणाऱ्याला राउटरकडून अडवण्याची अधिकृत सोय नाहीच. हे लपवू नका. ॲडॉप्टरमध्ये 'अडव' हे ऐच्छिक ठेवा. नसेल तर प्लगिनने टॅब बंद करताना किंवा पान रिफ्रेश करताना येणारा ब्राउझरचा बिफोर-अनलोड इशारा तेवढा लावावा आणि कन्सोलवर एकदा स्पष्ट सांगावं की ॲपच्या आतली नेव्हिगेशन्स अडवली जाणार नाहीत. सोय नसताना ती असल्यासारखं दाखवलं तर कुणाचा तरी भरलेला फॉर्म जातो. एकच ब्लॉकर ही मर्यादा धरून प्लगिननेच एक नोंदवही ठेवावी: पानावर पाच फॉर्म असले तरी राउटरकडे ब्लॉकर एकच, आणि तो नोंदवहीला विचारतो की कुणाचे बदल बाकी आहेत का.

तर मग तुमच्या प्लगिनला राउटरकडून काय लागतं? चार गोष्टी. सध्याचा पत्ता, एखाद्या पत्त्यावर जाणं, दुव्यासाठी बेसनेम (ॲपच्या सगळ्या पत्त्यांच्या आधी लागणारा भाग) धरून तयार केलेला एचरेफ, आणि जमलं तर अडवणं. बस. मॅचिंग यात मुद्दाम घेतलेलं नाही. ब्रेडक्रम्बसाठी ॲपकडून एक फंक्शन घ्या: पत्ता दिला की तुकड्यांची यादी परत देणारं. डेटा-राउटर वापरणारे ते यूजमॅचेस आणि रूटवरच्या हँडलमधून सहज बनवतील, ५ वाले आपल्या रूट-कॉन्फिगमधून. ज्यांना तयार काही हवं त्यांच्यासाठी तुमचा स्वतःचा वीस-पंचवीस ओळींचा मॅचर पुरे. नावाचे पॅरामीटर आणि वडील-रस्ते एवढंच त्याला यायला हवं. राउटरचा मॅचर वापरण्यापेक्षा हे कमी धोक्याचं आहे, वर पाहिलंच.

लिंक कॉम्पोनंटही इम्पोर्ट करू नका. साधा अँकर आणि त्यावर क्लिक हँडलर ठेवा, आणि कुणाला आपलीच लिंक वापरायची असेल तर ती प्रॉप म्हणून घेऊ द्या. हँडलर लिहिताना मात्र नीट: फक्त डावा क्लिक, कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-मेटा यांपैकी काही दाबलेलं नको, टार्गेट दिलेलं नको, आणि आधीच कुणी डीफॉल्ट थांबवलेलं नको. तेव्हाच आपण हस्तक्षेप करायचा. नाहीतर लोकांना ब्रेडक्रम्ब नव्या टॅबमध्ये उघडता येत नाही आणि ते चिडतात, रास्तच.

प्रत्येक आवृत्तीचा ॲडॉप्टर पॅकेजच्या वेगळ्या एन्ट्रीतून द्या. पॅकेज फाइलमधल्या 'एक्स्पोर्ट्स' मध्ये 'तुमचा-प्लगिन/व्ही५' आणि 'तुमचा-प्लगिन/व्ही६' अशा दोन वाटा. ७ साठी वेगळा कोड लागत नाही, या चार गोष्टींपुरते ६ आणि ७ चे हुक्स सारखे आहेत. त्या वाटेला 'व्ही७' असं दुसरं नाव द्या म्हणजे लोक विचारणार नाहीत.

इथे एक निर्णय राहतो: ॲडॉप्टरने राउटर स्वतः इम्पोर्ट करायचा, की ॲपकडून फंक्शन्स घ्यायची? मी दुसऱ्या बाजूचा आहे. वापरणारा आपल्या फाइलमध्ये यूजलोकेशन, यूजनॅव्हिगेट, यूजएचरेफ इम्पोर्ट करतो आणि ती तुमच्या 'व्ही६ ॲडॉप्टर बनव' या फंक्शनला देतो. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण दोन प्रतींचा प्रश्नच मिटतो, कारण फंक्शन्स ॲपच्याच प्रतीतली असतात. पॅकेजचं नाव काय, पीएनपीएम आहे का, ईएसएम की कॉमन-जेएस, काहीच तुमच्या डोक्याला नाही. सेंट्री या एरर-नोंदणी सेवेचं रिॲक्ट एसडीके हेच करतं: राउटरच्या आवृत्त्यांसाठी वेगवेगळी इंटिग्रेशन्स आहेत आणि ६ च्या इंटिग्रेशनला यूजइफेक्ट, यूजलोकेशन, मॅचरूट्स वगैरे फंक्शन्स तुम्हीच द्यायची असतात. पहिल्यांदा पाहिलं की विचित्र वाटतं, कारण समजलं की पटतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा स्थलांतराच्या मधोमध असलेल्यांना होतो. ५ वरून ६ वर हळूहळू जाण्यासाठी राउटरवाल्यांनीच एक 'व्ही५-कॉम्पॅट' पॅकेज काढलेलं आहे. ते लावलं की एकाच ॲपमध्ये ५ आणि ६ दोन्हींचे कॉन्टेक्स्ट जिवंत असतात. अशा ॲपमध्ये आपोआप आवृत्ती ओळखणारा प्लगिन नेहमीच्या पॅकेजमध्ये बघतो, त्याला ५ सापडतो, आणि ६ च्या पद्धतीने लिहिलेल्या पानावरही तो ५ सारखा वागतो. फंक्शन्स बाहेरून येत असतील तर ॲप ती कॉम्पॅट पॅकेजमधून देऊन मोकळं होतं. आवृत्ती कुठली हे ॲपला पक्कं माहीत असतं, तुम्ही अंदाज कशाला करायचा? आणि गाभ्यातून इम्पोर्टच गेल्यावर पीअर डिपेंडन्सी 'ऐच्छिक' म्हणून नोंदवता येते. रेंज राहते, पण राउटर नसलेल्या ॲपलाही प्लगिन इन्स्टॉल करता येतो.

टाइप्सबद्दल थोडक्यात. ५ चे टाइप्स वेगळ्या टाइप-पॅकेजमधून यायचे, ६ चे आतच आहेत. तुमच्या बाहेर जाणाऱ्या डिक्लरेशन फाइलमध्ये ५ चं एखादं नाव राहिलं, बहुधा रूट-कॉम्पोनंट-प्रॉप्स, की ६ वाल्याचा बिल्ड मोडतो किंवा तो टाइप निमूट 'एनी' होतो. म्हणून चार गोष्टींचे इंटरफेस स्वतःचे लिहा. टाइपस्क्रिप्ट आकारावरून टाइप जुळवतं, तेवढं पुरतं. बिल्डनंतर डिक्लरेशन फाइल्समध्ये 'राउटर' शब्द शोधणारी एक ओळ सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) टाका, ॲडॉप्टरच्या फोल्डरबाहेर सापडला तर बिल्ड लाल.

रिॲक्टऐवजी व्ह्यू फ्रेमवर्क वापरणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तुमच्याकडे हे काम अर्धं सोपं आहे, कारण प्लगिनला राउटरचा इन्स्टन्स ऑप्शन म्हणून देण्याची पद्धत रुळलेली आहे. पण व्ह्यू राउटर ३ आणि ४ मध्येही असेच सापळे आहेत. करंटरूट ३ मध्ये साधं ऑब्जेक्ट, ४ मध्ये रेफ. ऑनरेडीच्या जागी प्रॉमिस देणारं इजरेडी आलं. नेव्हिगेशन अडलं तर ३ मधलं पुशचं प्रॉमिस रिजेक्ट होतं, ४ मध्ये ते रिझॉल्व्ह होऊन अपयशाचा ऑब्जेक्ट देतं. आणि आफ्टरईच, ज्यावर सगळे पान-मोजणीचे प्लगिन उभे असतात: ४ मध्ये ते फसलेल्या नेव्हिगेशनलाही बोलावलं जातं, अपयश तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये येतं. ते पाहिलं नाहीत तर न उघडलेली पानंही मोजली जातात.

आता टेस्ट. तीन आवृत्त्या एकाच नोड-मोड्यूल्समध्ये उपनावांनी बसवण्याचा मोह होईल, एनपीएममध्ये ती सोयही आहे. नको. राउटर ६ ला रिॲक्ट १६.८ पुढचं चालतं, ७ ला किमान १८ लागतं, ५ वाले ॲप्स १६-१७ वर असतात. एकाच जागी हे खरेपणाने जमत नाही. त्याऐवजी रिपॉझिटरीत तीन छोटे ॲप्स ठेवा, प्रत्येकाची लॉकफाइल वेगळी, आणि प्लगिन त्यात एनपीएम-पॅकने बनवलेल्या टारबॉलमधून इन्स्टॉल करा. सिमलिंकने जोडलात तर प्लगिन राउटर आणि रिॲक्ट स्वतःच्या फोल्डरमधून उचलतो, पुन्हा दोन प्रती, आणि तुम्ही अर्धा दिवस नसलेला बग शोधत बसता. टारबॉलमुळे 'एक्स्पोर्ट्स' मध्ये एखादी वाट लिहायची राहिली असेल तर तेही तिथेच पकडलं जातं.

प्रत्येक ॲपमध्ये दोन फेऱ्या: रेंजमधली सर्वांत जुनी आवृत्ती आणि सर्वांत नवी. ५.१ धरलंय कारण हुक्स तिथून सुरू होतात. ५ ची फेरी रिॲक्ट १८ च्या स्ट्रिक्ट मोडमध्येही चालवणार असाल तर ५.३.३ किंवा पुढचं घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांत लिंक दाबली की यूआरएल बदलतो पण पान बदलत नाही, आणि तो दोष तुमचा नसतो. ६ मध्ये ब्राउझरराउटर आणि डेटा-राउटर अशा दोन्ही मांडण्या हव्यात. टेस्ट तीनही ॲप्समध्ये त्याच, ब्राउझरमधून चालणाऱ्या: पॅरामीटर असलेल्या रस्त्याचा ब्रेडक्रम्ब, बेसनेम लावलेलं ॲप, स्टेटसकट जाणं, बदल बाकी असताना लिंक दाबणं आणि बॅक बटण दाबणं. बॅक बटण वेगळं तपासा, अडवण्याचे निम्मे बग तिथेच असतात.

वेगळी पॅकेजेस कधी काढायची, हेही विचारलं होतं. आवृत्त्यांमधला फरक तुमच्या बाहेरच्या एपीआयमध्येच दिसत असेल तर, म्हणजे ६ वाल्यांना लोडर-ॲक्शनशी बांधलेली सोय हवी आणि ५ वाल्यांकडे ती कल्पनाच नसेल तर. तुमच्या प्लगिनचं तसं नाही.

५ चा आधार किती दिवस द्यायचा हे आजच रीडमीमध्ये लिहून टाका, तारीख किंवा 'पुढच्या मोठ्या रिलीजपर्यंत' असं काहीतरी ठाम. इश्यू टेम्पलेटमध्ये राउटरची आवृत्ती आणि मांडणी कुठली हे विचारा, म्हणजे ५ वाले खरंच किती उरलेत याचा अंदाज येतो. काढायची वेळ आली की ॲडॉप्टरचं एक फोल्डर, 'एक्स्पोर्ट्स' मधली एक ओळ, एक नमुना ॲप आणि रेंजचा पहिला तुकडा एवढंच काढावं लागेल. जुनी मोठी आवृत्ती एका शाखेवर ठेवा आणि तिथे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्या, नव्या सोयी मागे नेऊ नका.